विद्यापीठे आणि त्यांचे वडीलधारे अध्यापक
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



या वार्षिक संमेलनात चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाच्या चालकांनी आम्हांस केली आणि विषयही त्यांनीच नेमून दिला. आमचे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. त्यावर अध्यापनाची पदविका घेऊन आम्ही उभे आयुष्य प्राथमिक शाळेत बाराखडी आणि पाढे शिकविण्यात घालविले. अशा माणसाने विद्यापीठांनी आपल्या वयस्कर प्राध्यापकांस कसे वागवावे यावर बोलणे म्हणजे लहान तोंडी मोठा घास, असे कोणी म्हटल्यास आम्ही रागावणार नाही. परंतु ज्या शिडीच्या पहिल्या पायरीवर आम्ही उभे होतो, त्याच शिडीच्या वरच्या पायरीवर ही मंडळी उभी होती. आमच्या हातून सुटलेली मुले पुढे त्यांच्या हाती गेली. तेव्हा वरच्या पायरीवरील माणसाचे काय होते, हे पाहण्याचा अधिकार खालच्यालाही आहे, असे आमचे नम्र मत आहे.

शिवाय हा विषय आता परक्याचा राहिलेला नाही. अमरावती आणि अकोला या दोन शहरांत आपल्या ज्ञातीची जी कुटुंबे आहेत, त्यांपैकी पुष्कळ घरांत एकतरी निवृत्त प्राध्यापक आहे, आणि त्याच घरांत प्राध्यापक होऊ पाहणारा, पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊन वर्षानुवर्षे वाट पाहत बसलेला एखादा तरुणही आहे. एकास लवकर घरी बसविले म्हणून दुःख, तर दुसऱ्यास घराबाहेर बोलावीत नाहीत म्हणून दुःख! या दोन्ही दुःखांचा एकत्र विचार केल्यावाचून या प्रश्नाचे उत्तर मिळावयाचे नाही.

प्रथम थोडा पूर्वेतिहास सांगणे अवश्य आहे. वऱ्हाडात उच्च शिक्षणाची सोय फार जुनी नाही. नागपूर विद्यापीठ १९२३ साली स्थापन झाले, आणि त्याच वर्षी अमरावतीस किंग एडवर्ड कॉलेज निघाले. तेच पुढे विदर्भ महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले. १९३२ साली डॉ. पंजाबराव देशमुखांनी श्री शिवाजी शिक्षण संस्थेची स्थापना करून शेतकऱ्यांच्या मुलांसाठी विद्येची दारे उघडली. अकोल्यास १९६९ साली कृषी विद्यापीठ आले आणि त्यास पंजाबरावांचेच नाव लाभले. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ नागपूरपासून वेगळे होऊन उभे राहिले. आज ते संत गाडगेबाबांच्या नावाने ओळखले जाते आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशीम या पाच जिल्ह्यांची महाविद्यालये त्याच्या छायेखाली आहेत.

आता साधा हिशेब करा. १९८३ साली जो पंचवीस वर्षांचा तरुण अधिव्याख्याता म्हणून लागला, तो २०१८ साली साठ वर्षांचा झाला. त्यानंतर दहा वर्षांनी, म्हणजे १९९३ साली, जो तिशीत असताना रुजू झाला, तोही २०२३ साली साठी गाठून मोकळा झाला. म्हणजे ज्या पिढीने हे विद्यापीठ उभे राहताना पाहिले, ज्यांनी पहिले अभ्यासक्रम रचले, टिनाच्या खोल्यांतून वर्ग घेतले आणि खेड्यापाड्यांतील महाविद्यालयांत ग्रंथालयांचे पहिले कपाट भरले, ती पिढी जवळजवळ सगळीच सेवेबाहेर गेलेली आहे. एवढी मोठी पिढी एका दशकात बाहेर पडते तेव्हा तिच्याबरोबर काय काय बाहेर पडते, याचा विचार कोणी केला आहे काय?

निवृत्तीच्या वयाचा नियमही मोठा विलक्षण आहे. आमच्यासारखा खाजगी शाळेतील शिक्षक या राज्यात ५८ व्या वर्षी निवृत्त होतो. राज्याच्या विद्यापीठांतील व महाविद्यालयांतील अध्यापकांस सामान्यतः ६० वर्षांची मर्यादा आहे. कुलगुरूंस मात्र ६५ पर्यंत काम करता येते. आणि केंद्र सरकारच्या विद्यापीठांतील अध्यापकांसाठी २००७ साली हीच मर्यादा ६५ करण्यात आली. आपल्या अमरावती जिल्ह्याची सीमा वर्धा नदीपाशी संपते. नदी ओलांडून वर्ध्यास जावे, तर तेथील हिंदी विश्वविद्यालय केंद्राचे असल्यामुळे तेथील प्राध्यापक पासष्टीपर्यंत वर्गात उभा राहतो, आणि अलीकडच्या तीरावरील त्याचाच समवयस्क, त्याच विषयाचा प्राध्यापक, पाच वर्षे आधीच शाल-श्रीफळ घेऊन घरी येतो. नदी ओलांडल्याने माणसाची बुद्धी पाच वर्षांनी तरुण होते, असे तर कोणी म्हणणार नाही! हा वाद न्यायालयापर्यंतही गेला होता. केंद्राने ठरविलेले वय राज्यांवर आपोआप बंधनकारक होत नाही, राज्यांनी ते आपल्या परिस्थितीनुसार ठरवावे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली दिला. कायदा म्हणून तो आम्हांस शिरोधार्य आहे. परंतु यावरून एक गोष्ट सिद्ध होते ती ही की, हे वय विद्वत्तेच्या मापाने ठरलेले नसून तिजोरीच्या आणि सोयीच्या मापाने ठरलेले आहे. तेव्हा त्या तारखेस नोकरी संपते एवढेच खरे. विद्वत्ताही त्याच सायंकाळी संपते, असे मानणे ही आपली स्वतःची समजूत होय.

ही समजूत निवृत्तीच्या दिवशी एकदम उत्पन्न होत नाही. ती चार-पाच वर्षे आधीपासूनच मूळ धरू लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली पीएच. डी. विषयी जे नियम केले, त्यांत निवृत्तीस तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्या अध्यापकाने नवे संशोधक विद्यार्थी घेऊ नयेत, असे सांगितले आहे. विद्यार्थ्यास अर्ध्या वाटेवर सोडावे लागू नये, हा त्यामागील हेतू योग्यच आहे. त्याच नियमांत निवृत्तीनंतर सत्तर वर्षांपर्यंत सहमार्गदर्शक म्हणून राहण्याची मुभाही दिलेली आहे. परंतु व्यवहारात काय दिसते? पहिला नियम सर्वांच्या तोंडपाठ, आणि दुसऱ्या मुभेची आठवण मात्र कोणी करून देत नाही. “आता सरांचे काय, सर तर जाणार,” असा सूर विभागात निघू लागतो. नवा अभ्यासक्रम रचावयाचा, तर त्यांस विचारीत नाहीत. मूल्यांकन समिती यावयाची असली, की मात्र जुन्या नोंदी शोधावयास आणि रात्ररात्र जागून अहवाल लिहावयास त्यांनाच बसवितात. सुगीत बैलास जुंपावे आणि पोळ्याच्या दिवशी त्यास दावणीलाच विसरून जावे, असा हा प्रकार झाला. आपला वऱ्हाडी शेतकरी तर पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकतो आणि “आज आवतन घ्या, उद्या जेवायला या” असे त्यास मानाने सांगतो. ज्या खांद्यांनी वर्षभर ओझे वाहिले, त्या खांद्यांची दखल घ्यावी, एवढे शहाणपण ज्या मातीत आहे, त्या मातीतील विद्यापीठास ते शिकविण्याची पाळी येऊ नये.

दुसरी गोष्ट मोजमापाची. २०१० सालापासून प्राध्यापकाच्या कामास गुण देण्याची पद्धत आली. अमुक निबंधास इतके गुण, अमुक परिषदेस इतके. पुढे २०१८ साली आयोगानेच ती पद्धत बरीच सौम्य केली. परंतु मधल्या काळात जी सवय लागली ती गेली नाही. ज्याने तीस वर्षे खेड्यांतील मुलांस इंग्रजीचा किंवा गणिताचा धाक घालविण्यात खर्ची घातली, ज्याच्या हाताखालून गेलेला विद्यार्थी आज तालुक्याच्या गावी उत्तम शिक्षक म्हणून ओळखला जातो, त्याच्या त्या कामास कोणत्याही रकान्यात जागा नव्हती. मोजता येते तेवढेच मोलाचे, असे एकदा ठरले की, तराजूत न मावणारी वस्तू कवडीमोलाची ठरते. गंमत अशी की, २०१५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय मानांकनाच्या पद्धतीत आठ वर्षांपर्यंत अनुभव असलेले, आठ ते पंधरा वर्षे अनुभव असलेले आणि पंधरा वर्षांहून अधिक अनुभव असलेले, असे तिन्ही प्रकारचे अध्यापक सारख्या प्रमाणात असावेत, असा आदर्श धरलेला आहे. तरुण, मध्यम आणि वडील या तीन पिढ्या एका छपराखाली असाव्यात, हे आपल्या एकत्र कुटुंबाचे जुने सूत्रच दिल्लीकरांनी आकड्यांत मांडले! परंतु आमच्याकडील कित्येक विभागांत मधली पिढीच नाही, कारण कित्येक वर्षे भरतीच झाली नाही. वडील निघून गेला की घर एकदम पोरके होते, ते यामुळेच.

आता निवृत्तीचा दिवस घ्या. त्या दिवशी भाषणे होतात, हार पडतात, डोळेही ओले होतात. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयाची पुस्तके परत करावयाची, खोलीची किल्ली द्यावयाची, काही येणे नाही असा दाखला आणावयाचा. हे सर्व नियमाप्रमाणेच आहे. परंतु तिसऱ्या दिवशी त्याच माणसास एखादा संदर्भ पाहण्यासाठी ग्रंथालयात जावेसे वाटले, तर दारावर त्यास “आपण कोण?” असे विचारतात. सेवानिवृत्तिवेतनाचे कागद निवृत्तीच्या पुष्कळ आधीपासून तयार करावेत, असा नियम असूनही ते या मेजावरून त्या मेजावर फिरत राहतात. आमचे स्वतःचे कागद एका कार्यालयात कितीतरी महिने एका सहीसाठी पडून होते, आणि प्रत्येक खेपेस आम्हांस नवाच दाखला आणावयास सांगण्यात येत असे. पैसा उशिरा मिळाला, याचे दुःख ओसरते. परंतु ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांच्या दाखल्यांवर वेळेवर सह्या केल्या, त्यास एका सहीसाठी बाकावर बसावे लागते, ही गोष्ट मनात घर करून राहते.

अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचे उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. कपाशीचे, ज्वारीचे किंवा तुरीचे नवे वाण काढावयाचे म्हणजे एका हंगामाचे काम नव्हे. संकर करावयाचा, पिढ्यान्‌पिढ्या निवड करीत राहावयाचे, निरनिराळ्या जमिनींत व पावसांत त्याची परीक्षा घ्यावयाची. हे सर्व होऊन ते वाण शेतकऱ्याच्या हाती पडेपर्यंत दहा-बारा वर्षे सहज निघून जातात. ज्याने हे काम पन्नाशीत आरंभिले, तो ते पुरे होण्यापूर्वीच निवृत्त होतो. त्याच्या नोंदवह्या कचेरीत राहतात हे खरे. परंतु कोणती ओळ दुष्काळाच्या वर्षी तग धरून राहिली, कोणत्या रोपाचे बोंड पावसात काळे पडले, हे जितके वहीत असते त्याहून अधिक त्याच्या डोळ्यांत असते. त्या डोळ्यांसमोर नव्या माणसास एक-दोन हंगाम उभे केले नाही, तर विद्यापीठाचेच नव्हे, तर वऱ्हाडातील कोरडवाहू शेतकऱ्याचे नुकसान होते. वडिलांनी मुलास शेताचे बांध दाखवून न देताच डोळे मिटावेत, तशी ही गत होय.

यावर कोणी म्हणेल की, साठीनंतर माणसाच्या हातून नवे असे काय होणार? याचे उत्तर आपल्याच भागाच्या इतिहासात आहे. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांचा जन्म १८९३ सालचा. अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयाचे ते प्राचार्य होते. सरकारी सेवेतून निवृत्त झाल्यावर नागपूर विद्यापीठाने त्यांस प्राचीन भारतीय इतिहास व संस्कृती या विषयाच्या अध्यापनासाठी सन्मानाने बोलावून घेतले. भारतीय कोरीव लेखांच्या प्रसिद्ध ग्रंथमालेत त्यांनी संपादिलेला कलचुरींच्या लेखांचा खंड १९५५ साली बाहेर पडला, तेव्हा त्यांचे वय ६२ होते. वाकाटकांच्या लेखांचा खंड १९६३ साली निघाला, तेव्हा ते सत्तरीस पोचले होते. आणि शिलाहारांच्या लेखांचा खंड १९७७ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांनी ८४ वर्षे गाठली होती. आपले वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म, ही गोष्ट आज शाळेतील मुलासही ठाऊक असते, तिच्यामागे या वृद्ध पंडिताचे परिश्रम आहेत. साठाव्या वर्षी त्यांस कोणी ग्रंथालयाच्या दारातून परत पाठविले असते, तर वऱ्हाडचा इतिहास तितका दरिद्री राहिला असता.

दुसरे उदाहरण डॉ. विष्णु भिकाजी कोलते यांचे. बुलढाणा जिल्ह्यात १९०८ साली जन्मलेल्या या विद्वानाने १९६६ ते १९७२ या काळात नागपूर विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविले. एवढ्या मोठ्या पदावरून उतरल्यावर दुसरा कोणी सत्कार घेत फिरला असता. त्यांनी मात्र हस्तलिखिते पुढ्यात घेतली, आणि त्यांनी संपादिलेले ‘लीळाचरित्र’ १९७८ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा ते सत्तरीचे होते. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ साली आरंभिलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पुरी झाली. डॉ. सुकथनकर मध्येच निवर्तले, पुढे डॉ. बेलवलकरांनी आपल्या उतारवयात ती धुरा वाहिली आणि शेवटी डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी पंच्याहत्तरीच्या घरात असताना ते काम तडीस नेले. अशी कामे तारुण्याच्या उत्साहाने सुरू होतात. ती पुरी करण्यास मात्र वार्धक्याची चिकाटीच लागते.

परंतु, बंधुभगिनींनो, एवढ्यावरून निवृत्तीचे वय वाढवावे, असा निष्कर्ष आम्ही काढीत नाही. नाण्याची दुसरी बाजू आपल्याच घरांत आहे. आपल्या ज्ञातीतील एक निवृत्त प्राध्यापक आमच्या परिचयाचे आहेत; त्यांचे नाव घेत नाही. त्यांचा मुलगा त्याच विषयात पारंगत, पीएच. डी. झालेला, आज कित्येक वर्षे तासिका तत्त्वावर दोन महाविद्यालयांत धावतो आहे. तास घेतला तर मोबदला, सुटी लागली तर काही नाही. घरात वडिलांचे निवृत्तिवेतन येते, त्यावर नातवाची शाळा चालते. ते प्राध्यापक आम्हांस एकदा म्हणाले, “गुरुजी, माझे वय वाढवून मागू तर मुलाचे काय मागू?” या प्रश्नाचे उत्तर आम्हांस लगेच देता आले नाही.

आकडे पाहिले म्हणजे त्यांच्या प्रश्नाचे वजन कळते. राज्य शासनाने २०१८ साली सहायक प्राध्यापकांची ३५८० पदे भरण्यास संमती दिली. त्यांपैकी १४९२ पदे भरली गेली, आणि उरलेल्या २०८८ पदांसाठी २०२१ साली पुन्हा संमती द्यावी लागली. मधली वर्षे तरुणांच्या आयुष्यातून गेली ती गेलीच. शिवाय १ नोव्हेंबर २००५ नंतर जे सेवेत आले, त्यांस जुन्या नियमांचे निवृत्तिवेतन लागू नाही. म्हणजे जो तरुण उशिरा चिकटेल, त्याचे म्हातारपण आमच्याहून अधिक अवघड जाणार आहे. अशा स्थितीत वडिलांनी खुर्ची अडवून बसावे, हे न्यायाचे होणार नाही. अमेरिकेत १९९४ सालापासून प्राध्यापकांस वयामुळे सक्तीने निवृत्त करण्याची पद्धत बंद झाली. त्याचा परिणाम असा झाला की, सत्तरीस पोचून निवृत्त होणाऱ्यांचे प्रमाण एकदम घटले, आणि नव्यांस जागा कोठून द्यावी हा प्रश्न तेथील विद्यापीठांपुढे उभा राहिला. इंग्लंडात २०११ साली सक्तीच्या निवृत्तीचा सर्वसाधारण नियम गेला, तरी केंब्रिजसारख्या जुन्या विद्यापीठाने तरुणांस वाव राहावा म्हणून आपली वयोमर्यादा राखून ठेविली. श्रीमंत देशांसही हे कोडे सुटलेले नाही.

मग मार्ग कोणता? आमच्या अल्प मतीस असे वाटते की, पद आणि प्रतिष्ठा या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या केल्या पाहिजेत. पद वेळेवर सोडावे, ते तरुणाचे आहे. परंतु प्रतिष्ठा, ग्रंथालयाचे दार, प्रयोगशाळेतील एक कोपरा आणि सल्ल्याचा मान, हे वडिलांकडे राहू द्यावेत. यास फार पैसा लागत नाही. आयोगाने २०२२ साली निवृत्त अध्यापकांसाठी एक अधिछात्रवृत्ती जाहीर केली, तिच्या जागा साऱ्या देशासाठी मिळून शंभर! एवढ्या विशाल देशात त्या समुद्रातील थेंबाप्रमाणे आहेत. तेव्हा दिल्लीच्या तोंडाकडे पाहत न बसता प्रत्येक महाविद्यालयाने आपल्यापुरते करावे. निवृत्त अध्यापकास कायमचे ग्रंथालयपत्र द्यावे. निवृत्तीपूर्वीचे शेवटचे वर्ष हे हस्तांतरणाचे वर्ष मानून त्याच्या शेजारी नव्या माणसास बसवावे, आणि त्यासाठी पद रिकामे होण्याची वाट न पाहता नेमणूक आधीच करावी. सहमार्गदर्शकाची जी मुभा नियमात आहे, ती कागदावर न ठेवता प्रत्यक्ष वापरावी. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ नव्याने निघाले असून त्याचे पहिले कुलगुरू २०२४ साली नेमले गेले. महानुभावांच्या पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत आहेत, आणि त्या वाचण्याची विद्या जाणत्याच्या शेजारी बसूनच येते. त्या नव्या विद्यापीठास इमारतीइतकीच जुन्या जाणत्यांची गरज आहे. त्यांस बोलावण्याचा मुहूर्त लांबणीवर टाकण्याइतका वेळ मात्र त्यांच्यापाशी नाही.

वडील मंडळींसही आम्ही हात जोडून दोन शब्द सांगतो. मान मागून मिळत नसतो. निवृत्त झाल्यावर विभागात जाऊन “आमच्या वेळी असे नव्हते” हा पाढा म्हणू नये. नव्या मुलाने संगणकावर धडा तयार केला तर त्यास नाक मुरडू नये. आपणही ते यंत्र हाताळून पाहावे. विचारल्यावाचून सल्ला देऊ नये, आणि विचारल्यावर मात्र हातचे काही राखून ठेवू नये. ज्याने हे पाळले, त्यास तरुण मंडळी आपण होऊन खुर्ची आणून देतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

शेवटी आपल्या मंडळाविषयी. आपल्या वसतिगृहाचा दर्शनी भाग दुकानांसाठी भाड्याने द्यावा, असा ठराव आजच्या सर्वसाधारण सभेपुढे येणार आहे, हे आपण जाणता. मंडळास पैशाची गरज आहे, हे आम्ही नाकारीत नाही. छपराची दुरुस्ती शब्दांनी होत नसते. परंतु दुकाने काढण्यास अमरावतीत दुसरी जागा पुष्कळ आहे, आणि गरीब विद्यार्थ्यास शांतपणे बसून अभ्यास करण्यास जागा फार थोडी आहे. आमची सूचना अशी की, दोन खोल्यांपैकी एक अवश्य भाड्याने द्यावी व दुसरी अभ्यासिकेसाठी राखावी. आपल्या ज्ञातीतील निवृत्त प्राध्यापक व शिक्षक यांची विषयवार यादी करावी, आणि त्यांनी आठवड्यातून एक दिवस तेथे बसावे. दर्यापूर, अंजनगाव, मोर्शी, अकोट, मूर्तिजापूर इकडून आलेल्या मुलांस गणित, इंग्रजी व विज्ञान यांतील अडचणी विचारता याव्यात. पात्रता परीक्षा देणाऱ्या तरुणांस मार्गदर्शन मिळावे. अकोल्याच्या शाखेनेही असाच उपक्रम करावा. ज्यांच्या घरी पुस्तकांची कपाटे धूळ खात आहेत, त्यांनी ती रद्दीवाल्याच्या तागडीत घालण्यापूर्वी या अभ्यासिकेचे स्मरण ठेवावे. आणि निवृत्तिवेतनाचे कागद जाणणाऱ्या दोघा-तिघांनी मिळून अशा कामात अडलेल्यांस, विशेषतः ज्यांचे यजमान निवर्तले आहेत अशा भगिनींस, साहाय्य करावे. सोमवारचे दोन तास आम्ही स्वतः या कामास देण्यास सिद्ध आहोत. ज्या प्राध्यापकांचा उल्लेख आम्ही मघाशी केला, त्यांनी रविवार मागून घेतला आहे, आणि त्यांच्या चिरंजीवांनी परीक्षार्थी तरुणांसाठी शनिवारची सायंकाळ देऊ केली आहे. वडिलांस मान आणि मुलास वाव, ही दोन्ही एकाच खोलीत मिळू शकतात, याचा हा आरंभ समजावा.

विद्यापीठे आपल्या हाती नाहीत. ही खोली आपल्या हाती आहे. ठराव मतास येईल तेव्हा सभासदांनी एवढे ध्यानात ठेवावे, अशी आमची प्रार्थना आहे.